‘कुलदैवत’ की ‘कुलदेवता’? देव, देवता आणि दैवत या शब्दांच्या वापराविषयी

उंबरठा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ या ओळीपासून पुढे कोणाचेच काही म्हणणे नव्हते. अडले ते तिच्याही वर, पत्रिकेच्या माथ्यावर. मी ‘॥ श्री कुलदैवत प्रसन्न ॥’ असे लिहून दिले होते. छापखान्यातून आलेल्या प्रुफात ते ‘॥ श्री कुलदैवता प्रसन्न ॥’ असे उमटले. ते दुरुस्त करायला बसलो तेव्हा थोरल्या वहिनी म्हणाल्या, की आपली देवी तुळजापूरची, तेव्हा ‘कुलदेवता’ लिहा. आणि काकांचे म्हणणे असे पडले, की जेजुरीचा खंडोबा आधी, तेव्हा ‘कुलदैवत’च राहू द्या. दोघेही आपापल्या जागी ठाम होते आणि दोघांच्याही मनात या दोन शब्दांचा काहीतरी निश्चित वेगळा अर्थ होता. तो कोणता, हे मला त्या क्षणी सांगता आले नाही, म्हणून हा धागा.

विचार करताना पहिली गोष्ट लक्षात आली ती लिंगाची. ‘गणपती हा आमचा देव’, ‘गणपती ही विद्येची देवता’ आणि ‘गणपती हे आमचे कुलदैवत’ ही तिन्ही वाक्ये शुद्ध मराठी आहेत. गणपती एकच, परंतु तो पहिल्या वाक्यात पुल्लिंगी, दुसऱ्यात स्त्रीलिंगी आणि तिसऱ्यात नपुंसकलिंगी शब्दाने ओळखला जातो, आणि बोलणाऱ्याला त्यात काहीही अडखळल्यासारखे वाटत नाही. कोशात पाहिले तर हे तीन शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतात. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही.

माझा समज असा झाला आहे, की मराठीने या तिघांमध्ये काम वाटून दिले आहे. ‘देव’ हा हाक मारण्याचा शब्द आहे. ‘देवा!’ हे संबोधन दिवसातून कितीदा तोंडून निघते याची मोजदाद नाही, ‘देवते!’ हे फक्त नाटकात किंवा जुन्या कवितेत येते, आणि ‘दैवता!’ अशी हाक मी तरी आजवर ऐकलेली नाही. ‘देवता’ म्हटले की मनात प्रश्न येतो ‘कशाची?’ : वनाची, वास्तूची, विद्येची, न्यायाची. ‘दैवत’ म्हटले की प्रश्न येतो ‘कोणाचे?’ : कुळाचे, गावाचे, वारकऱ्यांचे, आणि ज्याने जन्मभर एखाद्याला मानले त्याचे. दैवत कोणाचे तरी असावेच लागते. मानणाऱ्यावाचून ते उभे राहत नाही.

लहानपणीचे एक दृश्य सांगतो, कारण ‘देव’ या शब्दाचा घरगुती अर्थ मला तिथे शिकायला मिळाला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आई देव घासायला काढत असे. पितळी मूर्तींना चिंचेचा कोळ आणि चांदीच्या टाकांना, म्हणजे देवांच्या प्रतिमा उठवलेल्या छोट्या पत्र्यांना, बारीक रांगोळी अशी विभागणी होती. खंडोबाच्या टाकावरचा घोडा आजीच्या आणि पणजीच्या हातांखालून इतका झिजला होता, की उजेडाकडे तिरपा धरला तरच त्याची मान दिसे. मी टाक जमिनीवर ठेवला की आई म्हणे, ‘देव खाली ठेवू नकोस, ताम्हनात घे.’ गावाला जायचे झाले तर तिची पहिली चिंता ही, की देव पारोसे राहतील. म्हणजे देवांना आंघोळ होती, भूक होती, झोप होती; शेजघरातल्या माणसांची सगळी क्रियापदे देवघरालाही लागू होती. ‘दैवत घास’ किंवा ‘देवता पारोशी राहील’ असे ती कधी म्हणाली नाही, आणि म्हणणेही शक्य नव्हते.

जाणकारांनी हा समज तपासून पाहावा, आणि चुकत असेल तेथे उदाहरण देऊन दुरुस्त करावा, अशी विनंती आहे.

पिंपळपान

धाग्याचा विषय मनापासून आवडला. संस्कृतच्या बाजूने थोडे लिहितो, कारण लिंगभेदाचे मूळ तिथे आहे.

‘देव’ शब्दाची निरुक्ती, म्हणजे व्युत्पत्ती, ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता यास्क याने चार प्रकारे दिली आहे: देवो दानाद्वा दीपनाद्वा द्योतनाद्वा द्युस्थानो भवतीति वा. देणारा, उजळवणारा, स्वतः प्रकाशणारा, किंवा ज्याचे स्थान आकाशात आहे तो. याच्याच पुढे ‘यो देवः सा देवता’ असे छोटे वाक्य आहे. पुल्लिंगी ‘यः’ने सुरू होणारे हे वाक्य स्त्रीलिंगी ‘सा’वर संपते, म्हणजे आपल्याला पडलेला प्रश्न यास्काच्या डोळ्यांसमोरही होता असे समजायला हरकत नाही. पाणिनीने ‘देवात्तल्’ या सूत्राने ‘देव’लाच, अर्थ न बदलता, ‘ता’ हा प्रत्यय लावला. ‘मानवता’, ‘समता’ यांच्या शेवटी असतो तोच हा ‘ता’, आणि तो लागला की शब्द स्त्रीलिंगी होतो. म्हणून देवतेच्या स्त्रीलिंगाचा देवीशी काही संबंध नाही. वहिनींनी देवीसाठी ‘देवता’ सुचवली हे भावनेने समजते, व्याकरणाने नाही.

याचा पुरावा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो आहोत. रामरक्षेच्या आरंभी ‘श्रीसीतारामचंद्रो देवता’ आहे आणि अथर्वशीर्षात ‘गणपतिर्देवता’ आहे. ऋषी कोण, छंद कोणता आणि देवता कोणती, ही त्या मंत्राची नोंद असते. देवता म्हणजे तो मंत्र ज्याला उद्देशून आहे ती. उंबरठा यांनी म्हटलेला ‘कशाची?’ हा प्रश्न येथे अगदी नेमका बसतो: या मंत्राची.

अमरकोशात देवांच्या नावांची यादी संपताना ‘वृन्दारका दैवतानि पुंसि वा देवताः स्त्रियाम्’ असे येते. ‘दैवत’ हे नपुंसकलिंगी आणि विकल्पाने पुल्लिंगी, तर ‘देवता’ स्त्रीलिंगी, असे लिंग मुद्दाम सांगण्याची गरज अमरसिंहाला वाटली. मराठीने त्यातला पुल्लिंगाचा विकल्प सोडून दिला. छापखान्याचे ‘कुलदैवता’ मात्र संस्कृतात बसत नाही आणि मराठीतही नाही. ते दोन शब्दांची सरमिसळ होऊन तयार झालेले रूप आहे.

जाता जाता: ‘दैव’ याच घरातला आहे, पण मराठीत तो वेगळा राहू लागला. देवाकडून आलेले ते दैव, एवढ्यावरून तो नशिबाचा शब्द झाला. ‘दैव देते आणि कर्म नेते’ या म्हणीत देवाला हाक मारण्याची सोय उरलेली नाही. देवाकडे गाऱ्हाणे नेता येते, दैवाकडे नेता येत नाही.

सातेरीची लेक

‘गाऱ्हाणे’ हा शब्द वर आला म्हणून लिहिते आहे. माझे माहेर सिंधुदुर्गातले, आणि आमच्याकडे ‘देव’ हा शब्द नावाच्या आधी पदवीसारखा लागतो. आरवलीचे श्री देव वेतोबा, आचऱ्याचे श्री देव रामेश्वर, गावोगावची श्री देवी सातेरी. वर्गणीच्या पावतीवर, जत्रेच्या फलकावर, आमंत्रणावर असेच छापलेले असते. घाटावर ‘श्री खंडोबा’ म्हणतात तिथे आम्ही ‘श्री देव’ म्हटल्याखेरीज पुढे जात नाही.

गाऱ्हाणे घालणारा मानकरी देवापुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसे ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मुंबईला गेलेल्या पोरांना नोकरी, पावसाला वेळ, गुरावासरांना आराम, असे सगळे मागणे त्यात असते. ‘बा’ म्हणजे बाप, आणि क्रियापद एकेरी. इतक्या थोर देवाशी इतक्या जवळकीने बोलणे मला अजूनही भरून आणते. हा देव कौल देतो, रागावतो, गावाची राखण करायला रात्री बाहेर पडतो. वेतोबाला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, कारण फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. ज्याच्या चपला झिजतात त्याला ‘दैवत’ म्हणायला जीभ वळत नाही. ग्रामदैवत हा शब्द आमच्याकडे भाषणात आणि बातमीत येतो.

शिवाय ‘देवचार’ आहे. तो देव नव्हे, पण त्याच्या नावात देव आहे. माळावरचा, वहाळाकाठचा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा आणि मान न दिल्यास वाट चुकवणारा राखणदार. तिन्हीसांजेला त्याचे नाव घेताना आजी आवाज खाली आणत असे. आणि देवाच्या नावाने राखलेल्या रानाला आम्ही देवरहाटी म्हणतो. घाटावरची माणसे तिलाच देवराई म्हणतात.

मांडवीकाठ

देवचाराविषयी गोव्याकडून एक भर घालतो. आमच्या हिंदू घरांत तो राखणदार आहे, परंतु ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोंकणीत हाच शब्द सैतानासाठी वापरला जातो. एकाच वाड्यावर, एकाच भाषेत, एका कुंपणापलीकडे अर्थ उलटा होतो.

‘देव’ मात्र दोन्ही घरांत एकच राहिला. गोव्यातील ख्रिस्ती माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो, आणि रात्री निरोप घेताना ‘देव बरी रात दिवं’. आभाराच्या शब्दातच देवाला कामाला लावलेले आहे: मी तुझे उपकार फेडू शकत नाही, देव तुझे भले करो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले, ते मराठीत आहे, आणि त्याच्या पहिल्याच ओवीत ‘देवा बापा’ असे संबोधन आहे. इंग्लंडातून आलेल्या या धर्मोपदेशकाला येथल्या माणसांच्या तोंडचा शब्द हवा होता, तेव्हा त्याने ‘देव’ निवडला आणि त्याच्या शेजारी ‘बाप’ ठेवला. सातेरीची लेक यांनी सांगितलेला ‘बा देवा’ आणि हा ‘देवा बापा’ एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे पाहून मी थोडा वेळ लिहायचा थांबलो. आजच्या मराठी बायबलमध्येही ‘देव’ हाच शब्द आहे. तेथे ‘दैवत’ येते ते बहुधा इतरांच्या देवांविषयी बोलताना. म्हणजे ‘कोणाचे?’ हा प्रश्न तेथेही चिकटलेलाच आहे.

चावडी

माझी नोकरी जमिनीच्या कागदपत्रांत गेली, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या सदरात मी शेकडो वेळा ‘श्री देव अमुक’ असे नाव वाचले आहे. देवस्थान इनामाची जमीन, वर्ग ३, ही त्या देवाच्या नावे असते आणि पुजारी किंवा वहिवाटदार तिची व्यवस्था पाहतो. प्रतिष्ठापना झालेल्या मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानले आहे; ब्रिटिश काळातले शेवटचे अपील जेथे चाले त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा या विषयावरचा १९२५ सालचा निर्णय आजही आधाराला घेतला जातो. देव दावा लावू शकतो आणि देवावर दावा लागू शकतो. मात्र तो स्वतः कोर्टात येऊन बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या मिळकतीचे रक्षण अज्ञान मुलाच्या मिळकतीप्रमाणे करावे असा दंडक आहे. आपल्या दप्तरी भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे वयाने सज्ञान नसलेला, हे नव्या वाचकांसाठी सांगतो.

येथे ‘देव’च का लागतो, हे उंबरठा यांच्या वर्गीकरणावरून मला प्रथमच नीट कळले. मालकी एका निश्चित व्यक्तीची असावी लागते. ‘ग्रामदैवत’ हे नाते आहे आणि ‘वनदेवता’ हे अधिकारक्षेत्र आहे. सातबाऱ्यावर नाव चढते ते श्री देव रवळनाथाचे.

नोंदवही

मांडणी चांगली आहे, परंतु ती जितकी सरळ दाखवली आहे तितकी नाही असे मला वाटते. दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला असा, की ‘इष्टदेवता’ आणि ‘कुलदेवता’ या दोन्ही शब्दांना ‘कशाची?’ नव्हे तर ‘कोणाची?’ हाच प्रश्न लागतो. मग ‘देवता’ म्हणजे क्षेत्राची अधिष्ठात्री, हा नियम येथे मोडतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. कुलवृत्तांत चाळून पाहा. ‘कुलदैवत’ आणि ‘कुलस्वामिनी’ असे दोन वेगळे रकाने असतात. एकात गुहागरचा व्याडेश्वर, दुसऱ्यात अंबाजोगाईची योगेश्वरी. घाटावरच्या घरांत एकात खंडोबा, ज्योतिबा किंवा भैरोबा, दुसऱ्यात भवानी किंवा माहूरची रेणुका. व्याकरण ‘दैवत’ नपुंसकलिंगी म्हणते खरे, पण शेजारी कुलस्वामिनी बसवल्यामुळे लोकांच्या मनात कुलदैवत हा पुरुषदेव झाला आहे. काकांचा आग्रह यातून आला आहे, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पिंपळपान यांनी वहिनींचे म्हणणे व्याकरणाने बाद ठरवले, तेही मला पटले नाही. कुलदैवताला पुरुष मानले की देवीसाठी दुसरा शब्द लागतो, आणि ‘कुलदेवता’ हाताशी असतो. शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो आणि येथे रूढी वहिनींच्या बाजूने आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

नोंदवही, आपले दोन्ही आक्षेप मान्य आहेत. इष्टदेवता आणि कुलदेवता हे समास संस्कृतातून तयार होऊन आले असावेत, त्यामुळे मराठीने नंतर केलेली वाटणी त्यांना लागू पडत नाही, असे मला आता वाटते. मराठीने स्वतः जोडलेली रूपे पाहिली तर फरक टिकतो. आपण ‘न्यायदेवता’ म्हणतो, ‘न्यायदैवत’ म्हणत नाही. उलट ‘महाराष्ट्राचे आराध्य दैवत’ असे छत्रपती शिवाजी महाराजांविषयी म्हणतो, आणि तेथे ‘देवता’ घातली तर वाक्य परके वाटते. महाराज कशाची देवता आहेत हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. ते आमचे आहेत, एवढेच सांगायचे असते.

रात्रपाळी

वृत्तपत्रात अनेक वर्षे मजकूर तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. सचिन तेंडुलकरला ‘क्रिकेटचा देव’ म्हणण्याची पद्धत इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली आहे. मराठीत ‘अमक्याचा देव’ म्हणजे अमका ज्याला पूजतो तो. ‘क्रिकेट’ काही कोणाला पूजत नाही. ‘क्रिकेटप्रेमींचे दैवत’ असे लिहिले की वाक्य आपले होते. मी अशी दुरुस्ती अनेकदा केली, आणि सकाळी अंकात मथळा पुन्हा ‘क्रिकेटचा देव’ असाच दिसला. आता तो रूढ झाला आहे हे मान्य करतो, पण मनाला लागते.

याउलट ‘देवमाणूस’ हा अस्सल शब्द. माणूसपण न सोडता देवाचे काम करणारा तो देवमाणूस. रात्री-बेरात्री कोणी मदतीला आले तर ‘देवासारखा धावून आला’ म्हणतो. तेथेही देव धावतो, दैवत धावत नाही.

आजोळ

‘देवी’ या शब्दाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. तिच्या बोलण्यात ‘मला देवी आल्या होत्या’ असे अनेकवचन असे, आणि त्या रोगाला रोग म्हणणे तिला आवडत नसे. अंगावर उठलेला फोड म्हणजे देवीचे येणे. तिला कडू बोलायचे नाही, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायचा आणि ती शांतपणे परत जाईल अशी वाट पाहायची. लस टोचायला येणारा माणूस गावात ‘देवी काढणारा’ म्हणून ओळखला जाई. भारतात या रोगाचे शेवटचे रुग्ण १९७५ साली सापडले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माझ्या मुलीला ‘देवीचे व्रण’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले, कारण तिला देवी म्हटले की कोल्हापूरची अंबाबाईच आठवते. आजीच्या मनात मात्र या दोन देवी वेगळ्या नव्हत्या. जी मारू शकत होती तिलाच आई म्हणायचे, यातले धैर्य मला फार उशिरा कळले.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजोळ यांचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. वहिनी बराच वेळ गप्प होत्या.

पत्रिकेचे असे ठरले. माथ्यावर ‘॥ श्री कुलदैवत प्रसन्न ॥’ कायम ठेवले, कारण आमच्या कुळाचे म्हणून जे जे आहे ते सगळे त्यात यावे हा माझा हेतू काकांनी आणि वहिनींनी मान्य केला. नोंदवही यांनी सांगितलेली रूढी लक्षात घेऊन त्याखाली एका बाजूला ‘श्री खंडोबा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘श्री तुळजाभवानी’ अशी दोन नावे घातली, म्हणजे कोणाचाच मान राहून जायला नको. छापखान्याला नवे प्रूफ दाखवायला सांगितले आणि या वेळी ‘दैवत’वरचा काना पुसला गेला आहे याची खात्री करून घेतली.

काल संध्याकाळी गठ्ठा घरी आला. वरची पत्रिका काढून मी तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारले, ‘भाऊजी, देवाला दिली का पहिली?’

‘देतो,’ म्हटले, आणि ती टाकांसमोर ठेवली.